विहीणबाईंची चव

सोनारखिंडीत माणसं चहा चाखत नाहीत, चहा माणसांना चाखतो. दर पाच वर्षांनी, मार्गशीर्षात, नगरपरिषदेच्या वरच्या हॉलमध्ये हा कार्यक्रम होतो. बाहेरगावचे तीन नामांकित चहा परीक्षक म्हणून येतात. नागरिकाने उजव्या हाताची करंगळी साबण न लावता कोमट पाण्याने धुवायची, दुसऱ्या पेरापर्यंत कपात बुडवायची आणि शंभर आकडे होईपर्यंत तशीच ठेवायची. मग चहा मत देतो. चहाचा आवाज वाफेतून येतो, त्यामुळे लिपिकाला कान कपाजवळ न्यावा लागतो. निवलेल्या चहाचं मत ग्राह्य धरत नाहीत.

मतांवरून माणसाचा वर्ग ठरतो: कडक, मध्यम किंवा फिकट. सकाळी नऊच्या आत दोन वेगळ्या वर्गांच्या माणसांनी एका टेबलाशी बसून चहा घ्यायचा नाही, एवढाच काय तो निर्बंध. मात्र तिघांपैकी दोन परीक्षकांना ज्याची चव लागलीच नाही, त्याचा चहा कायमचा बंद होतो आणि त्याला नदीपलीकडच्या कोरड्या विभागात राहायला जावं लागतं. तिथे चहाचे पेढे, चहाची बर्फी आणि चहाची चिक्की मिळते. खोल्या हवेशीर आहेत. तिकडून अजून कोणी परत आलेलं नाही, पण तक्रारही कोणी केलेली नाही.

प्रमिलाबाई बोंद्रे आणि कुसुमताई आपटे या दोघी विहिणी. प्रमिलाबाईंच्या मुलाने कुसुमताईंच्या मुलीशी लग्न केलं आणि दोघं कॅनडाला निघून गेली. मागे उरलेल्या दोघींनी खर्च वाचेल म्हणून एकत्र बिऱ्हाड केलं, त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत एकही सकाळ भांडणाशिवाय गेली नव्हती. प्रमिलाबाई कोल्हापूरकडच्या, चहात गूळ घालणाऱ्या. कुसुमताई पुण्याच्या, पातेल्यावर झाकण किती मिनिटं ठेवायचं ते घड्याळात बघणाऱ्या. मागच्या दोन्ही वेळी दोघींनाही 'कडक' शेरा मिळाला होता.

यंदा श्रावणात कुसुमताईंना विषमज्वर झाला. ताप उतरला, पण त्या भांडेनाशा झाल्या. काहीही विचारलं तरी म्हणायच्या, "तुम्ही म्हणाल तसं." प्रमिलाबाईंनी चहात दुप्पट गूळ घातला, तरी त्या प्यायल्या. पुण्याच्या पाण्याला नावं ठेवली, तरी मान डोलावली. एकदा तर प्रमिलाबाई सरळ म्हणाल्या, "तुमच्या पोरीला साधी भाकरी थापता येत न्हाई." त्यावर कुसुमताई म्हणाल्या, "खरंय हो."

त्या दिवशी प्रमिलाबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. विहिणीची चव चालली होती आणि परीक्षा तीन आठवड्यांवर होती. ही बाई नदीपलीकडे गेली तर सकाळी टेबलाशी आपण एकटीच, हा विचार त्यांनी अंगावरचं झुरळ झटकावं तसा झटकून टाकला, पण तो काही गेला नाही.

परीक्षेच्या दिवशी हॉलबाहेर कोरड्या विभागाने चवीसाठी मिठाईची मांडणी केली होती. प्रमिलाबाईंनी मुद्दाम कुसुमताईंना तिकडे नेलं. मिठाई बेचव निघावी, घशाला चिकटावी आणि विहिणीने तोंड वाकडं करावं, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. पेढा आलं घातलेल्या आसामी चहाचा होता. खव्याचा गोडवा आधी आला आणि तो संपता संपता आल्याने जिभेला चिमटा काढला. बर्फीत दार्जिलिंगची पहिली खुडणी होती. हिरव्या द्राक्षाच्या सालीसारखा तुरट वास नाकात शिरला आणि बराच वेळ तिथेच राहिला. चिक्कीला काश्मिरी कहाव्यातलं केशर होतं. तिन्ही पदार्थांत नाव ठेवायला जागा नव्हती.

"छान आहे," कुसुमताई म्हणाल्या. "रोज मिळालं तरी चालेल."

"चालंल काय? दात पडतील सगळं!" प्रमिलाबाई कडाडल्या.

"पडतील," कुसुमताईंनी मान्य केलं.

हॉलमध्ये जोगळेकर नावाचे लिपिक वही उघडून बसले होते. त्यांच्यासमोर तीन कप छोट्या शेगड्यांवर ऊब धरून होते. पहिला पाइनच्या धुरावर वाळवलेला काळा चहा, स्वभावाने फटकळ. दुसरा निलगिरीचा, वयस्कर आणि सभ्य. तिसरा पांढरा चहा. नुसत्या कळ्यांचा, दूध नाही की साखर नाही, काचेच्या कपात इतका फिका, की कप रिकामाच आहे असं वाटावं. तो सर्वांत वरिष्ठ होता.

प्रमिलाबाईंचं काम पाच मिनिटांत आटोपलं. तिन्ही चहांनी 'कडक' म्हटलं. निलगिरीने "गूळ जास्त" अशी जोड दिली, ती जोगळेकरांनी समासात लिहिली.

मग कुसुमताईंनी धुराच्या चहात करंगळी बुडवली. शंभर आकडे झाले. जोगळेकरांनी कान लावला आणि वाचून दाखवावं तसं सांगितलं, "पाणी."

"काय म्हणालं ते?" प्रमिलाबाई पुढे झाल्या.

"चव लागली नाही, असं मत आहे. तुम्ही रेषेच्या मागे उभ्या राहा, बाई."

निलगिरीने बराच वेळ घेतला. "पूर्वी चांगल्याच कडक असाव्यात," तो म्हणाला. "तळाशी अजून थोडं काही आहे." जोगळेकरांनी नियम चाळला आणि 'चव लागली' या रकान्यात खूण केली. आता सगळं पांढऱ्या चहावर आलं.

कुसुमताईंची करंगळी काचेच्या कपात गेली. जोगळेकर आकडे मोजू लागले. प्रमिलाबाई रेषेमागून बघत होत्या आणि त्यांना त्या चहाकडे बघवेना. त्यांच्या मनात कपट नव्हतं, हे इथे स्पष्ट सांगितलं पाहिजे. त्यांना एवढंच दिसलं, की लांबून आलेला पाहुणा, वयाने मोठा, आणि त्याला कोणी दूधसुद्धा विचारलेलं नाही. कोरा चहा ज्या घरात असतो तिथे दूध नासलेलं तरी असतं, नाहीतर कोणी आजारी तरी असतं. नगरपरिषदेने इतकं हात आखडून वागावं याची त्यांना गावकरी म्हणून लाज वाटली. बाहेर पडताना दुधाचा थर्मास पिशवीत टाकायचा, ही त्यांची सवय होती.

पंचाहत्तर आकडे झाले असताना प्रमिलाबाई रेषा ओलांडून पुढे आल्या आणि त्यांनी पांढऱ्या चहात दोन मोठे चमचे गरम दूध ओतलं. वर कनवटीची खडीसाखर टाकली.

काचेच्या कपात दूध ढगासारखं पसरलं आणि तळाला गेलं.

"अहो विहीणबाई!" कुसुमताई ओरडल्या. त्यांची करंगळी अजून कपातच होती. "कळ्या आहेत त्या, नुसत्या कळ्या! वर्षातून दोन दिवस खुडतात! त्यात म्हशीचं दूध ओतता? अकरा वर्षं डोकं आपटतेय तुमच्यापुढे, चहाला त्याचं त्याचं राहू द्या म्हणून! आणि माझी मुलगी भाकरी उत्तम थापते, तुमच्या मुलाला खाता येत नाही!"

प्रमिलाबाईंना इतका आनंद झाला, की त्यांच्या डोळ्यांना धार लागली. "अजून बोला," त्या म्हणाल्या. "बोला की!"

कुसुमताई बोलल्या. गुळापासून सुरुवात करून त्या चहाच्या गाळणीपर्यंत आल्या, तेव्हा जोगळेकरांचे आकडे शंभर झाले. त्यांनी कान लावला. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.

"कडक, असं मत आहे," ते सरळ होत म्हणाले. "अत्यंत कडक. पण मी ते नोंदवू शकत नाही. दूध घेतलेल्या चहाला परीक्षक राहता येत नाही. मत देतेवेळी ते घरगुती चहा झाले होते."

"मग निकाल?" कुसुमताईंनी विचारलं.

"एक मत होय, एक मत नाही. निकाल प्रलंबित. पुढच्या फेरीपर्यंत तुम्हांला वर्ग नाही."

"म्हंजे नदीपल्याड जायचं न्हाई?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"नाही. पण वर्ग नसलेल्या व्यक्तीला नऊच्या आत कोणत्याच टेबलाशी बसता येत नाही. चहा उभ्याने घ्यावा. पाच वर्षं." जोगळेकरांनी वहीवर टीपकागद दाबला. "आणि हे परीक्षक घेऊन जा. ज्याने दूध घातलं, त्याच्या घरी त्यांची सोय करायची असते."

"त्यांना विचारलं का?" कुसुमताई म्हणाल्या.

जोगळेकरांनी पुन्हा कान लावला. "त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच दूध घेतलं. हरकत नाही म्हणतात."

दोघी घरी आल्या. कप रिक्षात प्रमिलाबाईंनी मांडीवर धरला होता, आणि तो नीट धरलेला नाही यावर कुसुमताई वाटभर बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला टेबल-निरीक्षक तपासणीला आले. टेबलाशी, कुसुमताईंच्या खुर्चीसमोर, छोट्या शेगडीवर पांढरा चहा बसला होता. कुसुमताई ओट्याशी उभ्या राहून कप फुंकत होत्या. त्यांच्या शेजारी, ओट्याला कंबर टेकून, प्रमिलाबाई उभ्या होत्या.

"तुम्हांला बसायला परवानगी आहे, बाई," निरीक्षक म्हणाले. "तुमचा वर्ग कडक आहे."

"ठावं हाय."

"मग बसत का नाही?"

प्रमिलाबाई चहा गाळू लागल्या. निरीक्षकांनी लिहिलं: टेबलाशी, चहा एक. उभ्या, दोन. आक्षेप नाही. सही करून ते शेजारच्या घरी गेले.

"काय हा हट्ट," कुसुमताई म्हणाल्या. "तुमचे गुडघे दुखतात. जिना चढताना देवाचा धावा करता. पाच वर्षं उभ्या राहणार आहात?"

"गुडघं माझं हाईत."

"बसा म्हणते ना मी!"

"तुम्ही म्हणाल तसं मी कशापाई वागीन?" प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि दुखणाऱ्या गुडघ्यावरचा भार दुसऱ्यावर घेऊन त्यांनी विहिणीच्या कपात आणखी चहा ओतला.