कुरण वाचवणारी डुलकी

टेलरकाका सभेला गेले ते काकूंमुळे. "सगळं गाव निघालंय आणि तुम्ही काय काज-बटणं करत बसणार?" असं म्हणून काकूंनी शिलाई मशीनवर झाकण टाकलं आणि त्यांना दाराबाहेर काढलं.

सभा भर दुपारी होती, आणि काकांची दुपार ठरलेली असे. जेवण झालं की दुकानाचं दार ओढून घ्यायचं, गावाबाहेरच्या कुरणात जायचं आणि टेकाडाच्या सावलीत गवतावर आडवं व्हायचं. वाऱ्यावर गवत वाकायचं, ढगांच्या सावल्या अंगावरून सरकत जायच्या, आणि काकांना वाटायचं, कुणीतरी आपल्याला हलक्या हाताने रेशमी अस्तर लावतंय.

शाळेच्या हॉलमध्ये इंजिनिअर साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. कुरणाच्या जागी वाटीसारखं गोल फुटबॉल स्टेडियम आणि कोपऱ्यांत दिव्यांचे उंच खांब. हॉलमध्ये अंधार, पंखा संथ, साहेबांचा आवाज मऊ. काकांचे डोळे मिटले.

स्वप्नात बेकरीवाला आला. हिरव्यागार गवताची पँट घालून तो कुरणात उभा होता आणि म्हणत होता, "काका, कमरेत फक्त एक इंच सोडा."

नेमकं तेव्हाच साहेबांनी विचारलं, "मग गाव ही जमीन सोडायला तयार आहे, असं समजू ना?"

हॉलमध्ये चिडीचूप. आणि त्या शांततेत काका गरजले, "एक इंचही सोडणार नाही! आधीच किती खाल्लंय तुम्ही!"

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की काका दचकून जागेच झाले. अर्ध्या गावाला शिकवून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई त्यांच्यासमोर उभ्या होत्या.

"शाळेत कधी तोंड उघडलं नाहीस," बाई म्हणाल्या, "पण आज उघडलंस ते बरोबर वेळेवर. विरोध समितीचा अध्यक्ष तूच."

"बाई, मी खरं तर झोपेत—"

"हो ना! सगळं गाव झोपेत होतं. तू जागं केलंस!"

घरी काकू हसून हसून बेजार झाल्या. "अध्यक्ष? तुम्ही? भाजीवाल्याने किडकी वांगी दिली तरी 'छान आहेत' म्हणून घेऊन येता!"

"अगं, मी झोपेत बोललो."

"ते कळलं मला. जागेपणी इतकं स्पष्ट कधी बोललात?"

दुसऱ्या दिवशी बाईंना सांगून मोकळं व्हावं, असं काकांच्या मनात आलं होतं. पण मग पडद्यावरची ती वाटी डोळ्यांसमोर आली. टेकाड जाणार, गवत जाणार, सावली जाणार. काका गप्प राहिले.

पुढच्या आठवड्यात इंजिनिअर साहेब मोजणीला आले. खुंट्या ठोकायची रेघ टेकाडाखालून जात होती, आणि रेघेवर बरोबर मधोमध काका झोपले होते.

"काका, जरा उठता का?" साहेबांनी हाक मारली. मग खोकून पाहिलं. काका कुशीवर वळले आणि झोपेतच हसले.

तेवढ्यात रस्त्याने जाणाऱ्या दूधवाल्याने हे पाहिलं. "अध्यक्ष आडवे झाले!" असं ओरडत तो गावात धावला. पाठोपाठ गाव आलं. बाईंनी पदर खोचला आणि काकांच्या शेजारी लवंडल्या. मग सगळेच. काकांनी डोळे उघडले तेव्हा सगळं गाव ओळीने पडलेलं.

"काय झालं गं?" ते कुजबुजले.

"तुमच्यामुळे पडलोय सगळे," शेजारून काकू म्हणाल्या. "डोळे मिटा, साहेब बघतायत."

तिथून काकांच्या झोपेला नजर लागली. कुरणात मांडव पडला, लाउडस्पीकर आला, चहाची टपरी आली, घोषणांना ढोल आला. पेपरवाले म्हणायचे, "अध्यक्ष, एकदा झोपून दाखवा, फोटो हवाय." झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात, पण त्याला झोपवायचं कुणी, हे कुणीच सांगून ठेवलेलं नाही. काकांचे डोळे लाल झाले. एका कोटाला त्यांनी तिसरी बाही लावली आणि बराच वेळ तिच्याकडे कौतुकाने बघत बसले.

एके संध्याकाळी इंजिनिअर साहेब तुटलेलं बटण लावून घ्यायला दुकानात आले.

"काका, जागा बदलतोय आम्ही. नदीपलीकडे खडकाळ माळ आहे. तिथे कुणाची हरकत नाही."

काकांच्या हातातली सुई थांबली. "रागावलात का, साहेब?"

"छे. पण इतकं निवांत झोपलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. तुमच्या उशाशी खुंटी ठोकायला हातच होईना." साहेबांनी जांभई दिली. "मला मेली झोपच येत नाही."

कुरण वाचलं. गावाने काकांना खांद्यावर घेतलं. काकांना वाटलं, चला, सुटलो. पण गावाला आता गवताची चटक लागली होती. दुपार झाली की जो तो चटई घेऊन कुरणात. सावलीवरून भांडणं, उशांवरून रुसवेफुगवे. दूधवाला तर असा घोरायचा की गाईंनी चरणं सोडलं. टेकाडाखालची जागा गावाने काकांसाठी मानाने राखून ठेवली होती, आणि जाणारा-येणारा प्रत्येक जण त्यांना हलवून विचारायचा, "काय अध्यक्ष, लागली का झोप?"

वर्षं गेली. नदीपलीकडे स्टेडियम उभं राहिलं. एका दुपारी काका नुसतेच चालत सुटले आणि पूल ओलांडून त्याच्या फाटकाशी आले.

वॉचमनने त्यांना ओळखलं. "तुम्ही ते विरोधवाले ना?"

"विरोध मी झोपेत केला होता, बाबा."

"मग या आत. मॅच कधीमधी असते. एरवी चिटपाखरू नाही."

आत गवत इस्त्री केल्यासारखं नितळ होतं. हजारो रिकाम्या खुर्च्या ओठांवर बोट ठेवल्यासारख्या गप्प. वारा वाटीत उतरून गोल गोल फिरत होता, आणि ढगांच्या सावल्या पायऱ्या उतरून मैदानात येत होत्या. काका मधल्या गोलात आडवे झाले आणि आकाश वरून त्यांच्यावर हळूहळू टाचलं गेलं.

रोज दुपारी नवरा गायब होतो म्हटल्यावर काकू एकदा मागोमाग आल्याच.

"शोभतं का हे? गावाला कळलं तर काय म्हणतील? अध्यक्ष आणि इथे?" बोलता बोलता त्यांची नजर पलीकडच्या गोलपोस्टकडे गेली. जाळीत, चेहऱ्यावर छत्री धरून कुणीतरी झोपलं होतं. "ते कोण?"

"हळू बोल. मोठ्या बाई आहेत," काका कुजबुजले. "आम्ही एकमेकांना ओळख दाखवत नाही."

वाऱ्याने काकूंचा पदर हलला. मग त्यांनी चपला काढल्या, पायाच्या अंगठ्याने गवत चाचपून पाहिलं आणि म्हणाल्या,

"सरका जरा."