डक्टमधले गजभिये

सकाळी सात वाजून दहा मिनिटं. कणकेने बरबटलेल्या हाताने मी इंटरकॉम उचलते आणि पलीकडून एक भारदस्त आवाज म्हणतो, "सावंतताई, बंद करा. मसूर आहेत ते, हरभरे नाहीत. तिसरी शिट्टी झाली."

मला सांगा, ह्याला काय म्हणायचं? ह्या माणसाने माझा कुकर कधी पाहिलेला नाही. माझ्या स्वयंपाकघरात त्याने पाऊल टाकलेलं नाही. तो राहतो चौथ्या मजल्यावर, मी सहाव्या. पण मुलुंडच्या आमच्या ह्या नव्या टॉवरमध्ये बिल्डरने सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टवर, म्हणजे मधल्या उभ्या पोकळीवर, काढल्या आहेत. त्यामुळे कोणाच्या घरी काय शिजतंय आणि कोणाचं कोणाशी वाजलंय हे तळापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना कळतं. सभ्य माणसं कळूनही कळलं नाही असं दाखवतात. गजभिये काका फोन करतात.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. ट्रॉम्बेला सरकारी नोकरीत त्यांनी जन्मभर यंत्रांवरचे काटे वाचले, आकडे वर कळवले आणि निवृत्त झाले. क्वार्टर्स सोडून दोन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत आले. उंच, ताठ, दूध आणायला जातानाही इस्त्रीचा शर्ट. काटे वाचायची खोड काही सुटली नाही, म्हणून आता आमचे कुकर वाचतात, असं माझं मत होतं. ते मी लिफ्टमध्ये बऱ्याच जणांना ऐकवलंही होतं.

त्यांचं एक ब्रीदवाक्य आहे. "दाणा आधी, पाला शेवटी!" कडधान्य आणि पालेभाजी एकत्र शिजवायची असेल तर दाणा अगोदर दमाने शिजू द्यायचा आणि पाला उतरवायच्या जरा आधी घालायचा, हा त्याचा अर्थ. अर्थ बरोबर आहे हो. न कळायला मी काय कालची पोर आहे? माझी आई कोकणातली, अळूचं फदफदं पातेल्यात तासभर रटरटवायची. पण आईला आठ वाजता घर सोडून अंधेरीच्या ऑफिसात अंगठा लावायचा नव्हता. मी अळू, हरभरे, शेंगदाणे सगळं एकदम कुकरात लोटते. वर झाकण, खाली मोठा गॅस, बाकी देवाच्या हातात. अशा वेळी चौथ्या मजल्यावरून कोणी मला तत्त्वज्ञान शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं.

आणि बोलणं कसं, तर "आमचं म्हणणं असं आहे." आमचं! "आमचं म्हणणं असं आहे की मेथी तुम्ही फार लवकर टाकली." "आमच्या मते चवळी रात्री भिजवलेली दिसत नाही." अरे, तू काय संस्थानिक लागून गेलास? एकटाच तर बोलतोयस ना फोनवर!

लिफ्टमध्ये गाठ पडली की ह्यांची नजर आधी माझ्या पिशवीत. "पालक धुऊन चिरता, की चिरून धुता?"

"चिरून धुते," मी एकदा खोटंच सांगितलं, निव्वळ चिडवायला.

काकांचा चेहरा पडला. "अरे बापरे. बरं. सांगतो," असं पुटपुटत ते चौथ्यावर उतरून गेले. सांगतो म्हणजे काय, कोणाला सांगतो? पंतप्रधानांना? पाच मिनिटांत इंटरकॉम. "सावंतताई, सगळं सत्त्व पाण्यात जाऊन राहिलं तुमचं. आमचं म्हणणं..." मी रिसीव्हर आपटला.

बरं, हा माणूस मोठा बल्लवाचार्य असता तर एक वेळ ऐकूनही घेतलं असतं. पण मी ह्याला भाजीवाल्याकडे रंगेहाथ पकडलंय. माठाची जुडी हातात धरून विचारत होता, "हा चुका ना?" माठ आणि चुका! भाजीवाला हसायला लागला, तेव्हा ह्यांनी मोबाइलवर चारही जुड्यांचे फोटो काढले, घरी गेले आणि दहा मिनिटांनी परत येऊन बरोबर चुका उचलला. शिवाय ह्यांच्या स्वतःच्या घरून डक्टमध्ये दिवसाआड करपलेल्या डाळीचा वास येतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते हेच.

तरी मी एकदा मोठेपणा दाखवला. रविवारी वेळ काढून, वाल सोलून, पातेल्यात बिरडं केलं आणि वाटीभर घेऊन गेले खाली. म्हटलं, खा आणि गप्प बसा. काकांनी दार उघडलं ते वीतभर. स्वतः त्या फटीत असे उभे राहिले की आतलं काही दिसू नये. वाटी घेतली आणि चक्क दार लावून घेतलं! मी बाहेर, पायपुसण्यावर. तीन मिनिटांनी दार पुन्हा वीतभर उघडलं. "वाल उत्तम. गूळ जास्त. खोबरं आणखी बारीक वाटलं असतं तर चाललं असतं." वाटी धुऊन परत, आणि दार बंद. पाणी विचारणं लांबच, "या, बसा" एवढंसुद्धा तोंडातून निघालं नाही.

बायको आहे म्हणे घरात. इमारतीत कोणी तिला पाहिलेलं नव्हतं. मी एकदा विचारलं, तर "आराम करून राहिली," एवढंच उत्तर. ते मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. "ऐकलंस का प्रशांत? दोन वर्षं आराम! मला रविवारी दहा मिनिटं पाठ टेकायला मिळत नाही."

"जाऊ दे ना यार," प्रशांत म्हणाला. प्रशांतचं प्रत्येक गोष्टीवर हेच म्हणणं असतं.

पण त्या दिवशी मात्र जाऊ देण्यासारखं राहिलं नाही. सासूबाई चार दिवस राहायला आल्या होत्या. मी आंघोळीला गेले असताना इंटरकॉम वाजला आणि त्यांनी उचलला. मी बाहेर आले तर त्यांचा चेहरा असा उजळलेला, लग्नात मानाची साडी मिळाल्यावरही तसा नव्हता. "खालून कोणाचा तरी फोन होता. सूनबाईंना सांगा, म्हणाले, पालक शिजवून मारून टाकला त्यांनी. मी नाही हो, ते म्हणाले. मी कधी काही बोलते का?"

बास. वाट लागली माझ्या डोक्याची. मी त्याच दिवशी कागद घेतला आणि सोसायटीला तक्रार लिहिली. खाजगी आयुष्यात ढवळाढवळ, इंटरकॉमचा गैरवापर, महिला वर्गास मनस्ताप. सात घरांच्या सह्या मिळाल्या, कारण गजभिये सात घरांच्या शिट्ट्या मोजत होते. सेक्रेटरी नाईकांच्या बायकोलाही एकदा "राजमा कच्चा राहिला" असा फोन गेला होता, त्यामुळे कमिटीत फारशी चर्चा झालीच नाही. गजभियांचा, चारशे दोनचा, इंटरकॉम तोडला.

काय सांगू तुम्हाला, काय शांतता! मला हवं ते, हवं तेवढं, हवं तसं मी शिजवलं. तिसऱ्या दिवशी चवळीचा लगदा झाला, पण तो माझा होता, स्वतंत्र लगदा. काका लिफ्टमध्ये दिसले. नमस्कार केला, पिशवीत पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही त्यांच्याकडे.

मग आला रविवार. मी अळू-हरभऱ्याचा कुकर चढवला, नेहमीसारखा, सगळं एकदम. तीन शिट्ट्या झाल्या असतील, तोच डक्टमधून करपल्याचा वास यायला लागला. नुसता वास नाही, धूर. खिडकीत डोकावले तर चौथ्या मजल्यावरूनच येत होता. मी तणतणत इंटरकॉम उचलला, चारशे दोन दाबलं, आणि तेव्हा आठवलं की ती लाईन मीच तोडायला लावली आहे. ह्याने तर मी आणखीच भडकले. जगाच्या शिट्ट्या मोजणाऱ्या माणसाला स्वतःचा गॅस दिसू नये?

"सहाव्या शिट्टीला बंद कर!" असं हॉलमध्ये मॅच बघत बसलेल्या प्रशांतला ओरडून सांगितलं आणि जिन्याने खाली धावले. तोंडावर सुनवायची सगळी वाक्यं उतरताना तयार झाली होती.

धूर जायला म्हणून असेल, पण गजभियांचं दार त्या दिवशी सताड उघडं होतं. हॉलमध्ये कोणी नाही. मी तशीच स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि थांबले.

स्वयंपाकघरात पलंग होता. हॉस्पिटलात असतो तसा, डोक्याकडून वर उचललेला, डक्टच्या खिडकीला अगदी लावून. त्यावर गजभियांच्या बायकोला उशांच्या आधाराने बसवलं होतं. केस विंचरून घट्ट वेणी घातलेली. मांडीवर सुपात चुक्याची पानं, आणि ती डाव्या हाताने एकेक पान निवडत होती. उजवा हात चादरीवर नुसता ठेवलेला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं. बेसिनमध्ये जळकं पातेलं पाण्यात चुरचुरत होतं आणि काका पाठमोरे उभे राहून धूर टॉवेलने हाकलत होते. मला दोघांनीही पाहिलं नाही.

डक्टमधून शिट्टी आली. माझ्याच घरची. तिने पान खाली ठेवलं आणि डावा पंजा पूर्ण उघडला. पाच. पुन्हा शिट्टी. पंजा मिटून फक्त अंगठा वर. सहा. ती खिडकीकडे बघत थांबली. वर मॅच रंगात आली असणार, कारण सातवीही झाली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि तिने पलंगाच्या दांड्यावर हात आपटला. घशातून एक आवाज आला, त्याला शब्द नव्हते, पण राग पुरेपूर होता.

"हो हो, लावतो, लावतो," म्हणत काका भिंतीवरच्या इंटरकॉमकडे गेले. त्या मेलेल्या इंटरकॉमकडे. रिसीव्हर उचलला, सहाशे दोन दाबलं. "सावंतताई? गजभिये बोलून राहिलो. आमचं म्हणणं असं आहे की बंद करा आता. हरभऱ्याचं पीठ होईल, अळूचं तर विचारूच नका. हो. हो. बरं, सांगतो." रिसीव्हर ठेवून ते बायकोकडे वळले. "बंद करते म्हणे. सॉरी म्हणाली. चुकलं म्हणाली माझं."

तिचा चेहरा निवळला. हात पुन्हा पानांकडे गेला.

आणि डक्टमधून आठवी शिट्टी आली.

तिचा हात थांबला. तिने काकांकडे पाहिलं. काकांनी जमिनीकडे पाहिलं. आयुष्यभर खरे आकडे कळवलेल्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं, ते त्याच्या मानेवरसुद्धा दिसत होतं. ती एकदा इंटरकॉमकडे बघत होती, एकदा त्यांच्याकडे. अजून एक शिट्टी झाली असती तर तिला सगळं कळलं असतं, की आपलं आता कोणी ऐकत नाही.

मी मधे घुसले. काकांना ढकललंच म्हणा ना. पलंगाच्या कडेने खिडकी गाठली, डोकं डक्टमध्ये घातलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "प्रशांत! गॅस बंद कर! मेल्या, किती वेळा सांगितलं? काकू कधीच्या सांगतायत!"

"हो गं! झालं बंद!" वरून आवाज आला. आणखी दोन मजल्यांच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. येऊ देत.

मी वळले. ती माझ्याकडे बघत होती, आणि काका तिच्याकडे. मला माझी भयंकर लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला रागच येतो. म्हणून मी काकांवरच डाफरले, "सांगितलं का नाहीत कोणाला? दोन वर्षं?"

"काय सांगू, ताई?" ते हळू आवाजात म्हणाले. "क्वार्टर्समध्ये हिले विचारल्याशिवाय कोणाच्या लग्नातली डाळभाजी शिजत नव्हती. बाया दारात उभ्या राहत. आता लोक येतील, बघतील, अरेरे म्हणतील. तिले ते नको. तिले फक्त इथं पलंग पाहिजे होता, खिडकीपाशी. मले यातलं काही समजत नाही. ती बोटं दाखवते, मी कळवतो." मग आणखी हळू, "लाईन तुटली ते तिले नाही सांगितलं."

अरेरे मी म्हटलं नाही. तोंडापर्यंत आलेलं गिळलं. स्टूल ओढलं आणि पलंगापाशी बसले. वर कुकरात अळू-हरभऱ्याचं काय झालं असेल ते दिसतच होतं मला.

"काकू," मी म्हटलं, "फदफदं पार गिळगिळीत झालंय. आमसुलं किती टाकू, म्हणजे निभावेल?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या स्वयंपाकाची सगळी लायकी तिला दोन वर्षांपासून माहीत होती. डावा हात उचलून तिने आधी पाच बोटं दाखवली, जरा विचार केला आणि एक मिटलं.

"चार म्हणते," काका म्हणाले.

"दिसतंय मला," मी म्हटलं. "आम्ही बोलतोय ना? तुम्ही मधे बोलू नका."