सोनवणेकाकांची लाइन

फोनवर तुम्ही काय बोलता याच्याशी सोनवणेकाकांना देणंघेणं नसतं. ते कसं ऐकू येतंय, एवढंच ते ऐकतात. माझे सासरे वारले तेव्हा कळवायला मी फोन केला. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "आवाज उत्तम येतोय शेठ. कुठे उभे आहात?"

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, पंचवटीत माझ्या शेजारी राहतात. माझं निफाडकडे द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. आठवीत शाळा सोडून, क्रेट उचलत मी ते उभं केलंय, त्यामुळे मला कोणी शिकवलेलं खपत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलला रेंज नाही, म्हणून फोनवरचं सगळं बोलणं वायफायवरून. ते बसवायचं काम मी काकांना दिलं, ही माझी चूक.

काका म्हणाले, "वायफायचे डबे तीन लागतील." मी त्यांना एकावर आणलं. कानाला फोन लावून, मोठ्याने आकडे मोजत त्यांनी रिकाम्या शेडमध्ये फेऱ्या मारल्या. सगळीकडे खणखणीत ऐकू आलं.

"पण माल भरला की परत बघावं लागेल. द्राक्ष म्हणजे पाणी, शेठ. पाणी सिग्नल खातं."

मी हसलो.

हंगामात छतापर्यंत क्रेट लागले आणि आवाज फाटायला लागला. मग काकांनी कारभारच हातात घेतला. पॅकिंगच्या बायकांचं वायफायवर व्हिडिओ बघणं बंद. "आवाजाला आधी वाट द्या. सिनेमा थांबू शकतो, बोलणं नाही." मला, मालकाला, आवाज नीट जातो तिथे खडूने आखलेल्या चौकोनात उभं केलं. मी येरझाऱ्या घालत, ओरडत सौदा करणारा माणूस. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

तेही सोसलं. पण दिल्लीचा मोठा व्यापारी हातचा गेला, ते मी विसरणार नाही. समोरच्याने भाव सांगितला की मी गप्प बसतो. तो अस्वस्थ होतो आणि आपणहून वाढवतो. आजवरचे सगळे मोठे सौदे मी असेच केले. त्या दिवशीही चौकोनात उभा राहून गप्प बसलो. पलीकडून आवाज आला, "हॅलो? हॅलो? फिर कट गया," आणि त्याने फोन ठेवला. माल दुसऱ्याकडून घेतला.

काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "गप्प बसताना अधूनमधून खाकरायचं. लाइन जिवंत आहे हे त्याला कळायला नको?"

संध्याकाळी मी तडक त्यांच्या घरी गेलो. काम काढून घ्यायचं आणि चार शब्द सुनावायचे, हे ठरवूनच. दार उघडं होतं. काका खुर्चीत बसले होते, फोन कानाला, डोळे मिटलेले. बोलत काहीच नव्हते. चाहूल लागताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"कोण आहे?" मी विचारलं.

"ही," ते फोनवर हात ठेवून म्हणाले.

अर्धांगवायूने काकूंची वाचा गेली, तेव्हापासून त्या इगतपुरीला मुलीकडे असतात. जावयाचं रेल्वे क्वार्टर दोन खोल्यांचं, त्यात काकांना जागा नाही. एवढं मला ठाऊक होतं.

"बोलतात आता?"

"नाही. मुलगी उशीपाशी फोन ठेवते. मी श्वास ऐकतो. इतका बारीक आवाज लाइन गाळूनच टाकते, लाइनला वाटतं कोणी बोलतच नाहीये. ते गाळणं बंद करायला मला दोन महिने लागले."

त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. मी स्वतःचा श्वास रोखून धरला. काहीच ऐकू येईना.

"येतोय ना?" काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

"येतोय, काका," मी म्हणालो. "अगदी जवळून."