कानबाईचा रोट आणि कारकुनाची छुट्टी

नंदकुमारने बोट वर केलं आणि त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं, की आपण आपल्या मालकालाच बाद ठरवलंय. तेही पहिल्याच चेंडूवर.

स्वातंत्र्याला वर्ष झालं म्हणून बुऱ्हाणपुरात वकील विरुद्ध गिरणीवाले असा सामना ठरला होता. श्रावणातलं मैदान. चेंडू पडेल तिथे चिखलात रुतून बसायचा, पण गजाननराव वकिलांच्या पायावर मात्र तो सरळ येऊन आदळला. गिरणीवाले ओरडले, आणि पंच नंदकुमारचं बोट त्याला न विचारताच आभाळाकडे गेलं.

"काय रे नंदू, मीठ कोणाचं खातोस?" जाता जाता वकील म्हणाले.

"तुमचंच, वकीलसाहेब. पण पाय बरोब्बर मधे होता."

नंदकुमार वकिलांचा कारकून. चांदनी गावाहून रोज सकाळच्या गाडीने यायचा. पगार बेताचाच, पण नोकरी त्याने दातांनी धरून ठेवली होती. कारण वकिलांचं ऑफिस राजपुऱ्यात त्यांच्या घरातच होतं, आणि त्या घरात त्यांची धाकटी बहीण लीला होती. तिने पाण्याचा तांब्या आणून ठेवला, की त्याची तहान तांब्या न उचलताच भागायची. समाज एक, कुळं वेगळी. अडचण काहीच नव्हती. फक्त बोलायचं धाडस नव्हतं. नोकरी गेली तर उंबरा जाणार, आणि उंबरा गेला तर लीला.

त्याच दिवशी, रविवारी संध्याकाळी, वकिलांकडे कानबाई बसली, श्रावणात एका रात्रीसाठी घरी येणारी खानदेशातली देवी. नारळाला काजळ रेखलं, नथ घातली, लुगडं नेसवलं, आणि माहेरवाशिणीसारखी ती चौरंगावर बसली. सोमवारी सकाळी तिला तापीवर निरोप द्यायचा होता, आणि अकराला कोर्टात त्यांच्या अशिलाचा, भाईदास केळीवाल्याचा मुकदमा होता.

"मी घाटावरून सरळ कोर्टात जाईन," वकिलांनी घुश्शातच बजावलं. "तू घरून कागद आणि माझा काळा कोट घेऊन ये. एवढं तरी जमेल, का इथेही बोट वर करशील?"

सोमवारी नंदकुमार राजपुऱ्यात पोचला तेव्हा मिरवणूक निघून गेली होती. गल्लीच्या टोकाकडून बायकांचा सूर तेवढा येत होता:

"कानबाई माय चालनी तापीना थडी,
मांगे वयी वयी दखे माहेरनी माडी."

घरात कानबाईचा दिवा राखायला लीला एकटीच.

"सकाळपासून काही खाल्लंत का?"

"गाडीत काय खाणार?"

तिने टोपलीतली पोळी काढून गुळासोबत पुढे ठेवली. "दादाला खरंच आउट दिलंत?"

"दिलं."

"भीती नाही वाटली?"

"तेव्हा नाही. आता वाटतेय."

लीला हसली. त्या हसण्यात कागद गेले, कोट गेला, अकराही वाजून गेले.

तिकडे कोर्टात गजाननराव ओल्या धोतरात, कपाळभर हळदीकुंकवाने माखलेले, रिकाम्या हातांनी उभे होते. मुन्सफसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "वकीलसाहेब, बाजू मांडायला आलात, का वरातीला?" आणि मुकदमा खारीज झाला.

नंदकुमार धापा टाकत पोचला तेव्हा भाईदास पायऱ्या उतरत होता. "आला का रे कोट! आता तूच घाल अन् फोटो काढ बिल्कुल!"

घरी येताच वकिलांचा बांध फुटला. "तुझी छुट्टी! कायमची! अरे, या वर्षात मोठमोठे राजे एका सहीसरशी गादीवरून उतरले. तू कोण लागून गेलास?"

नंदकुमारला उंबरा पायाखालून सरकताना दिसला. तेवढ्यात आतून वकिलांच्या आईचा, मथुराबाईंचा आवाज आला. "थांब गजा! टोपलीतला रोट कोणी खाल्ला?"

कानबाईच्या नावाने दळलेल्या गव्हाची ती पोळी म्हणजे रोट. तो भाऊबंदांनीच खायचा, परक्याला कणही द्यायचा नाही.

"मी दिला," लीला पुटपुटली. "हे भुकेले होते. बोलता बोलता ध्यानातच नाही राहिलं."

मथुराबाई मटकन खाली बसल्या. मग उठल्या त्या फैसला घेऊनच. "झालं! हा आता आपल्या कुळातला."

"आई, हा कारकून आहे!"

"होता. कानबाईने लेक म्हणून जेवायला घातलं, आणि तू दारातून हाकलतोस? भावाला कोणी नोकरीवरून काढतं का?"

वकिलांनी मनातल्या मनात सगळे कायदे चाळले. यावर कलम नव्हतं. "बरं. छुट्टी रद्द."

नंदकुमार आनंदाने मथुराबाईंच्या पाया पडला. त्याच्या पाठीवर हात फिरवत त्या म्हणाल्या, "सुखी राहा. लीले, गुरुवारी राखी आहे. एक राखी जास्तीची आण बाई, तुला आणखी एक भाऊ मिळाला."

नंदकुमारच्या पोटातल्या रोटाचा दगड झाला. लीला ओढणीचं टोक पिळत भिंतीकडे पाहू लागली.

"वकीलसाहेब," तो कसाबसा म्हणाला, "मला काढा."

"आँ?"

"नोकरीवरून. कोट विसरलो, कागद विसरलो. काल तुम्हाला आउटसुद्धा दिलं."

"अरे, पण आत्ताच माफ केलं ना!"

"करू नका! असं कसं चालेल? काही कायदा आहे का नाही?"

"अर्ज नामंजूर," वकील म्हणाले. भावाला माफ करण्याची गोडी त्यांना नुकतीच लागली होती.

तोच भिंतीकडून आवाज आला. "आई, तो रोट नव्हताच. वाजंत्र्यांसाठी वेगळ्या पोळ्या केल्या होत्या ना, त्यातली होती ती."

मथुराबाईंनी तोंड उघडलं. वाजंत्र्यांसाठी त्यांनी स्वतः भात टाकला होता. मग त्यांनी लेकीचं तोंड पाहिलं, नंदकुमारचं पाहिलं, आणि आपलं मिटलं.

"हो गं बाई," त्या सावकाश म्हणाल्या. "वय झालं माझं. विसरलेच."

"म्हणजे हा भाऊबंद नाही?" वकील ताडकन उठले. "मग छुट्टी कायम! नीघ!"

"निघालो, साहेब!" नंदकुमारने उडी मारूनच उंबरा ओलांडला. शेजारच्या ओट्यावरून सुपडूने विचारलं, "काय नंदू, पगार वाढला का?"

"नाही हो, नोकरी गेली!"

"ए रिकाम्या!" मथुराबाई दारातून ओरडल्या. "राखीला इकडे फिरकू नकोस. शुक्रवारी ये, आणि बापाला सोबत आण."

"त्याच्या बापाला कशाला?" वकील गोंधळून म्हणाले. "त्याला कुठे काढलंय मी?"