मावशी हे पद नाही

माणसाने आयुष्यभर काय काम केलं यापेक्षा त्याला काय म्हणून हाक मारत होते, हे निवृत्तीच्या वेळी जास्त महत्त्वाचं ठरतं.

धर्मसंस्थेच्या पाळणाघरातल्या मावशीला हे ठाऊक नव्हतं. तिची आपली समजूत, की जन्मभर लोकांच्या पोरांची नाकं पुसली, शी-शू काढली, रडणारं एका कडेवर आणि चावणारं दुसऱ्या कडेवर घेऊन दूध तापवलं, त्यात कंबर कामातून गेली, म्हणजे पेन्शन मिळणारच. अडाणीपणा, दुसरं काय!

तिने अर्ज केला. विश्वस्त मंडळ बसलं. (मंडळ बसतंच, त्याला उभं राहिलेलं कोणी पाहिलेलं नाही.) नियम स्वच्छ होता. योजना फक्त कर्मचाऱ्यांसाठी. फाटकावरचा वॉचमन कर्मचारी, माळी कर्मचारी, माळ्याच्या रजेत येऊन झोपा काढणारा बदली माळीसुद्धा कर्मचारी. पण मावशी? मावशी हे पद नाही, नातं आहे. नात्याला पगार नसतो, म्हणून तर तिला इतकी वर्षं मानधन होतं. आणि नात्यातून कोणी निवृत्त झाल्याचं ऐकिवात नाही. (हे कानावर येताच हिशेब बघणाऱ्या 'दादां'नी त्याच दुपारी आपल्या दारावर 'लेखापाल' अशी पाटी ठोकून घेतली. हुशार माणूस.)

"अहो, पण मी राहू कुठे?" मावशी म्हणाली. "खोली संस्थेची. तीही सोडा म्हणताय."

"मावशी, असं परक्यासारखं काय बोलता?" अध्यक्ष कळवळले. "तुम्ही घरच्या! घरच्या माणसाने का पेन्शन मागायची?"

सगळ्या मंडळाचे डोळे पाणावले. हात मात्र कोणाचा खिशाकडे गेला नाही.

तरी मंडळ न्यायी. त्याने पालकांचं मत मागवलं: मावशी नोकर, की घरच्या? शंभर टक्के पालकांनी (फीवाढीच्या वेळीही एवढी एकी दिसली नव्हती) कळवलं, 'नोकर? छे छे, मावशी आमच्या घरच्याच!' कित्येकांनी पुढे जोडलेल्या हातांचं चित्रही पाठवलं. अर्ज निकाली निघाला. निरोप समारंभ म्हणता येईना, म्हणून 'स्नेहमेळावा' झाला.

मावशीला ती उत्तरं वाचून दाखवली तेव्हा ती ढसाढसा रडली. आपल्यावर एवढी माया आहे, हे तिला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. बाई पडली सरळ. घरच्या म्हटल्यावर घरी जायला नको? तिने ट्रंक भरली, गादी गुंडाळली आणि तिच्या मांडीशिवाय न झोपणाऱ्या, सगळ्यात लाडक्या पोराचं घर निवडलं.

आत्ता ती तुमच्या दारात उभी आहे. बेल वाजली. तुम्ही दाराच्या भिंगातून पाहिलंत, टीव्हीचा आवाज बंद केलात, आणि पोराच्या तोंडावर घट्ट हात दाबलात, कारण ते "मावशी आली!" म्हणून ओरडणार होतं.