अळणी वांगी आणि गोवर्धन मास्तरांची वही

चिचगडच्या शाळेतल्या गोवर्धन मास्तरांनी एका सकाळी ठरवलं, की रोज एक नवा शब्द वहीत टिपायचा. एवढंच. यातून पुढं काय रामायण घडेल, ते बिचाऱ्यांना काय ठाऊक!

शब्दांचं त्यांना भारी वेड. गावच्या लहान तलावाला 'बोडी' म्हणतात, घरामागच्या परसाला 'सांदवाडी'. असा शब्द सापडला की मास्तर तो बोरासारखा तोंडात घोळवत बसायचे. पण गावात असे शब्द असून असून किती असणार? महिन्याभरात वही अडली. मास्तर चिडचिडे झाले, रोजच्या जेवणात खोड काढू लागले. आणि एके दिवशी ताट वाढता वाढता सुमित्राबाई बोलून गेल्या, "भाताच्या गंजावरचं झाकण काढलं का पहिली वाफ नाकात जाते ना, तिले आमच्या माहेरी 'घमुरी' म्हणतेत."

मास्तर ताटावरून उठलेच! उष्ट्या हातानं वही उघडली. (भाजीत मीठ नव्हतं, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.)

मग काय, बायकोच्या माहेरचे शब्द धो धो येऊ लागले. चिखलात पाय रुतला की बोटांमधून वर येणारा गारवा, तो 'चिवूळ'. कोणाला न दाखवता तोंडात टाकलेला गुळाचा खडा, ती 'गुपकी'. वही भरली की नागपूरच्या एका कोशमंडळाकडे पाठवायची आणि कोशात आपलं नाव छापून आणायचं, हे मास्तरांनी मनाशी पक्कं केलं.

पण स्वभाव मुळातच संशयी. (शाळेची घंटासुद्धा ते रोज घरी आणून कुलपात ठेवत.) बायको शेजारच्या मनकर्णाबाईशी कुजबुजते आणि आपण दिसलो की दोघी गप्प, हे त्यांनी हेरलं. वर पोस्टबाबू केवलराम हल्ली त्यांना पाहून मिशीत हसत. केवलरामही चार ओळी लिहिणारा माणूस. मास्तरांनी ताडलंच. आपले शब्द फुटताहेत!

"काऊन वो, कायले हासून राहिल्या तुम्ही दोघी?"

"काही नाही जी. तुम्ही जेवा," सुमित्राबाई म्हणाल्या.

आता केवलरामच्या हातून वही कशी पाठवणार? मास्तरांनी बैलगाडी जुंपायला लावली, हाडं खिळखिळी करत आमगाव गाठलं आणि तिथून वही रजिस्टर केली. परत आले ते चोर रंगेहाथ पकडायलाच. सुमित्राबाई पाण्याला निघाल्या तसे हे बोडीच्या पाळीवर पळसाआड दबा धरून बसले.

"आज कोणता शब्द देशील वो मास्तरले?" मनकर्णाबाई विचारत होत्या.

"पाहू. वांग्यात मीठ टाकाचंच इसरली मी. शब्द भेटला का तेंले अळणी-खारट काही समजत नाही. नाही तं घर डोक्यावर घेतेत."

"कालचा माह्या मनचा होता. चालला का?"

"चालला? दोनदा लिवला! केवलरामच्या बायकोचाही लिवला."

मास्तरांच्या पायाखालची माती सरकली. खरोखरच सरकली. ते पाळीवरून घसरत थेट चिखलात! बोटांमधून गारवा वर आला आणि अशा वेळीही मेल्या मनात पहिलं काय यावं, तर 'चिवूळ'.

महिन्यानं नागपूरचं पत्र आलं. केवलरामनं ते भर पोस्टात, चारचौघांसमोर वाचून दाखवलं: "'बोडी', 'सांदवाडी' हे शब्द आपण स्वतः रचलेले दिसतात. असे शब्द मराठीत नाहीत. 'घमुरी', 'चिवूळ' मात्र अस्सल व प्राचीन! या वळणाचे आणखी वीस पाठवावेत, म्हणजे आपले नाव छापता येईल."

मास्तर खाली मान घालून घरी आले. पत्राची बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. ताट वाढलेलं होतं. त्यांनी घास घेतला, क्षणभर थांबले, गिळला.

"वांगी फक्कड झाली," असं म्हणून त्यांनी हळूच नवी वही पुढं ओढली.

"लिवा मंग," सुमित्राबाई समोर बसत म्हणाल्या. "आणि घाबरू नोका जी, अजून एकोणीस दिवस मिठाचा डबा उघडतच नाही."