नमुना क्रमांक सतरा

माणसाचं दुखणं ही त्याची खासगी बाब आहे आणि तिच्यावर त्याच्याखेरीज कोणाचाही हक्क नाही, असं मुंबईहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी भिवंडीतल्या सर्वेक्षणाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं. सांगताना दार उघडं होतं. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनी माना डोलावल्या, आणि त्यांतल्या एका बाईने शेजारणीला तिच्या मूळव्याधीचं पुढे काय झालं ते तिथेच विचारून घेतलं.

केसरीनाथच्या मनावर मात्र ते वाक्य कोरलं गेलं. टेमघरचा हा मुलगा बी.ए. होऊन चार वर्षं रिकामा होता. ८८ साली त्याला ही पहिली नोकरी लागली: कापड विणणाऱ्या लूमवरच्या कामगारांना छातीच्या दुखण्याबद्दल प्रश्न विचारायचे आणि थुंकीचा नमुना घ्यायचा. कागदावर कोणाचं नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. कुठला नंबर कोणाचा, ती यादी मुंबईला कुलपात राहणार, ती पाच वर्षं उघडायची नाही. शिवाय दोन नियम: मुलाखत एकांतात घ्यावी, आणि बरोबर ऐकलं याची खात्री म्हणून प्रत्येक उत्तर कामगारासमोर पुन्हा म्हणावं.

चोवीस लूमच्या शेडमध्ये एकांत म्हणजे मुकादमाची काचेची केबिन. लूम चालू असताना शेजारी उभ्या माणसाने बोंब मारली तरी ऐकू येत नसे, तिथे बंद दाराआडचं कोण ऐकणार? केसरीनाथने समाधानाने या शेडमधला पहिला माणूस बोलावला. देवराम, नमुना क्रमांक सतरा. वज्रेश्वरीपलीकडच्या पाड्यावरचा, नऊ वर्षं चार लूम सांभाळणारा. तो आत आला, त्याने खुर्ची फिरवली आणि शेडकडे पाठ करून बसला.

"शेठला न्हाय ना कळणार?"

"दादा, यात तुमचं नावच नाही. तुम्ही सतरा."

"मंग लिवा. सतराला थुकीत रगात पडतं," देवराम म्हणाला. "दोन म्हयनं झालं. शेठला कळला का लूम गेली. मंग भागी न् पोरी खातील काय?"

नऊ वर्षांच्या खडखडाटाने देवरामचे कान अधू झाले होते. म्हणून केसरीनाथने नियमाप्रमाणे, सावकाश, ओठ नीट हलवत म्हटलं, "थुंकीत. रक्त. पडतं. दोन महिने. शेठला. सांगायचं नाही."

एक गोष्ट मुंबईच्या प्रशिक्षणात नव्हती. जिथे कान चालत नाहीत तिथे माणसं ओठ वाचायला शिकतात. या शेडमध्ये भांडणं, चेष्टा, सासूच्या तक्रारी, सगळं ओठांवर चाले; एका दिवाळीत एक अख्खा सिनेमा गाण्यांसकट सांगून झाला होता. देवरामला हे माहीत होतं, म्हणून तो पाठ करून बसला होता. केसरीनाथ शेडकडे तोंड करून बसला होता.

चहाच्या सुट्टीत शेजारच्या लूमवरच्या इद्रिसचाचाने देवरामपुढे बकरीच्या दुधाचा तांब्या ठेवला. मुकादम कोंडूने त्याला खिडकीजवळच्या लूम दिल्या आणि कारण सांगितलं नाही. एक जण रोज थोडा वेळ त्याच्या लूमकडे बघू लागला, म्हणजे खोकायला बाहेर जाता यावं. शेठपर्यंत मात्र चकार शब्द गेला नाही. ही व्यवस्था आठवडाभर इतकी सुरळीत चालली की केसरीनाथला तिचा पत्ता चाचाच्या प्रश्नामुळेच लागला.

"बाबूजी, सतरा नंबर की दवा कब आएगी?"

केसरीनाथचं जेवण सुटलं. आईला, ठमाबाईला, तो कारण सांगू शकला नाही, कारण तेही गोपनीय होतं. फेरतपासणीच्या दिवशी त्याने तिची गोधडी उचलून आणली आणि केबिनच्या काचेवर आतून ठोकली.

"पर्दा मत लगाओ," चाचा म्हणाला. "आज तक सेठ इधर देखता नहीं था. अब देखेगा."

"चाचा, नियम आहे."

केबिनमध्ये बल्ब नव्हता, उजेड काचेतूनच यायचा. गोधडी लागली तसा आत काळोख झाला.

"तोंड दिसत न्हाय तुमचा," देवराम म्हणाला. "मोठ्यानं बोला."

लूमच्या आवाजावर विसंबून केसरीनाथ आयुष्यात प्रथमच ओरडला. त्याच क्षणी लाईट गेली. चोवीस लूम एकदम थांबल्या आणि त्या शांततेत त्याचा प्रश्न शेडभर घुमला, "थुंकीत रक्त अजून पडतं का? शेठला कळलं नाही ना?"

"पडतं," देवरामनेही तेवढ्याच जोरात सांगितलं. "त्या येड्याला काय कळतंय?"

गोधडी कसली म्हणून बघायला आलेल्या शेठने दार हळूच उघडलं. तो रागावला नाही, हेच वाईट होतं.

"खोकला चालतो," तो म्हणाला. "खून नहीं चलेगा. कापडावर डाग पडला तर माल वापस येतो."

संध्याकाळच्या गाडीने देवराम पाड्यावर गेला. जाताना त्याने केसरीनाथला शिवी दिली नाही. कोणीतरी द्यावी, अशी केसरीनाथची फार इच्छा होती.

तीन आठवड्यांनी मुंबईहून कागद आला. नमुना क्रमांक सतरा: क्षयाचे जंतू नाहीत. रक्त हिरड्यांतून येत असावं, दात तपासून घ्यावेत. केसरीनाथ धावत शेठकडे गेला.

"ह्याच्यावर नाव कुठाय?" शेठने कागद उलटापालटा करून विचारलं.

"नाव नसतं. पण सतरा म्हणजे देवराम," केसरीनाथ म्हणाला, आणि सगळं प्रशिक्षण त्या एका वाक्यात संपलं.

"हे तू बोलतो. कागद बोलत नाय."

त्याने मुंबईला पत्र लिहून यादीतल्या एका नावाचा दाखला मागितला. डॉक्टरीणबाईंनी लगेच उत्तर दिलं. त्याच्या तळमळीचं कौतुक केलं होतं, आणि यादी उघडता येणार नाही, असं कळवलं होतं. सहभागी व्यक्तीच्या हितासाठी.

मग तो वज्रेश्वरीच्या बसने पाड्यावर गेला. देवरामने सगळं ऐकून घेतलं आणि बोट हिरडीवर फिरवून बघितलं.

"म्हंजे मला काय झालाच नव्हता," तो म्हणाला. "मंग मी घरी का?"

केसरीनाथने नियमाप्रमाणे, ओठ नीट हलवत ते पुन्हा म्हटलं.

शुक्रवारची सुट्टी संपली आणि शनिवारी देवरामच्या चार लूमवर नवा माणूस उभा राहिला. त्याला खोकला होता. लूमच्या आवाजात तो कोणाला ऐकू आला नाही.